आटलेला समुद्र

संपादक साहेब माझ्या घरी दोनदा येऊन गेले. ते आमच्याच कॉलेजचे विद्यार्थी. बेडूक कापताना त्यांचे हात थरथरायचे, म्हणून बेडूक मी धरून द्यायचो. आता दिवाळी अंक काढतात. म्हणाले, "गणपतराव, तुमचं ते समुद्राचं लिहा. मथळा मी देतो : वर्ध्यात समुद्र जगवणारा माणूस." मी म्हटलं, "मथळा राहू द्या. आधी मी काय लिहितो ते पाहा."

माझं शिक्षण चौथी. अक्षर मात्र बरं आहे. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या मीच लिहायचो. सर कागदावर इंग्रजी अक्षरं काढून द्यायचे आणि मी ती चित्रासारखी उतरवायचो. ह्या लिखाणातलं शुद्धलेखन संपादकांनी सुधारावं. पण एक वाक्यही गाळू नये. ही माझी अट आहे आणि ती का, ते शेवटी कळेल.

मी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होतो. लोकांना वाटतं, अटेंडंट म्हणजे झाडू मारणारा. झाडू होताच. पण नाल्यावरून बेडूक धरून आणणं, गांडुळं काढणं, शेळीचा डोळा कसायाकडून फुटू न देता आणणं, हेही माझंच काम. आणि सगळ्यात मोठं काम बरण्यांचं. काचेच्या बरण्यांत स्पिरिट भरून त्यात साप, मासे, विंचू ठेवलेले असतात. झाकण कितीही घट्ट लावा, आमच्याकडच्या उन्हात स्पिरिट उडतंच. मेलेला साप स्पिरिटच्या वर उघडा पडला की सडतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी बरण्या पाहायच्या आणि जेवढं स्पिरिट उडालं तेवढं स्पिरिट वरून टाकायचं. जे कमी झालं तेच टाकायचं. हा आमच्या धंद्याचा पहिला कायदा. ह्याच कायद्यानं मी एकदा समुद्र मारायला निघालो होतो.

तेव्हा आपण मध्यप्रदेशात होतो आणि राजधानी नागपूर होती. मला कॉलेजात लागून दोन वर्षं झाली होती, पण कच्चा होतो, म्हणजे कायम केलेला नव्हता. त्याआधी मी आणि माझी बायको सुभद्रा, दोघंही जिनमध्ये होतो. सरकीपासून रुई वेगळी करतात तो कारखाना म्हणजे जिन. आत हवेत रुईच उडत असते. नाकात, डोळ्यांत, भाकरीवर रुई. मी सुटलो, ती मात्र अजून जात होती आणि तिला खोकला लागला होता. रुमालात खोकली की पांढरं निघायचं. डॉक्टर म्हणाले होते, जिन सोडा. ती म्हणायची, "तुमी कायम झाले का त्याच दिवशी सोडते." त्यामुळे माझं कायम होणं म्हणजे तिचं जिनमधून सुटणं होतं. दुसरं काही नव्हतं.

आणि माझं कायम होणं एका कमिटीवर अडलं होतं. विद्यापीठाची तीन माणसं येऊन प्रयोगशाळा पाहणार होती. त्यांना पसंत पडली तर बी.एस्सी.चा वरचा वर्ग मिळणार, आणि वर्ग मिळाला तर माझी जागा पक्की. नाही मिळाला तर मी परत जिनमध्ये, तिच्या शेजारी.

आमचे रेगे सर मालवणकडचे होते. वनस्पती शिकवायचे. वर्ध्याला येऊन दहा वर्षं झाली तरी जेवताना मासळीची आठवण काढायचे. त्यांचा एक मित्र दक्षिणेत रामेश्वराकडच्या समुद्रावर कामाला होता. सरांनी त्याला पत्र टाकलं आणि एक दिवस मद्रासच्या गाडीतून दोन पत्र्याचे डबे आणि वेताच्या टोपलीत बसवलेले दोन मोठे काचेचे बुधले उतरले. बुधल्यांत समुद्राचं पाणी होतं. डब्यांतही पाणी होतं, आणि त्या पाण्यात दगड.

"गणपत, हळू," सर म्हणाले. "जिवंत आहेत."

मी पाहिलं. लिंबाएवढे, काही बटाट्याएवढे, खडबडीत, अंगभर गाठी. रंग जांभळट गुलाबी, ओल्या चुन्यात गुलाल कालवला तर होईल तसा. मी बोटानं दाबला. दगडच.

"सर, दगड कसा जिवंत राहीन?"

"दगड नाही, झाड आहे," सर म्हणाले. "तांबडं शेवाळ. स्वतःभोवती चुन्याचं अंग करत जातं. वर्षभरात केसभर वाढतं. तळाला सुटं पडलेलं असतं, लाटा त्याला लोळवतात, म्हणून सगळ्या बाजूंनी वाढून गोल होतं. हा बटाट्याएवढा आहे ना, हा तुझ्या आजोबांपेक्षा मोठा असेल."

पोरांनी लगेच नाव पाडलं, रेगे सरांचे बटाटे.

सरांनी एक गोटा काचेच्या ताटलीत ठेवला आणि मला भिंग दिलं. म्हणाले, "बघत बस." मी बसलो. थोड्या वेळानं एका भोकातून पिसासारखा तुरा बाहेर आला आणि पाण्यात डुलायला लागला. तो किडा होता. दुसऱ्या खोबणीतून बारीक दोऱ्यासारखा हात आला, मग दुसरा, आणि पाच हातांचं एक जनावर गोट्यावरून चालायला लागलं. शिवाय ज्वारीच्या दाण्याएवढा एक खेकडा होता. शिंपल्या होत्या, त्या उघडझाप करायच्या. सर म्हणाले, "समुद्राचा तळ म्हणजे नुसती वाळू, आपल्या उघड्या बरड माळासारखी. लपायला जागा नाही. तिथे असे गोटे पडले की त्यांच्या भोकाभोकांत बिऱ्हाडं येतात. माशांची पिल्लंसुद्धा ह्यांच्या आडोशाला वाढतात. गोटा मेला की मोहल्ला उठला. कमिटीला मी हे दाखवणार आहे. स्पिरिटमधला मेलेला समुद्र सगळेच दाखवतात."

गोटे चिनीमातीच्या एका पसरट टबात ठेवले. सरांनी मला चार गोष्टी सांगितल्या. तांब्यापितळेचं भांडं पाण्याला लावायचं नाही, तांबं ह्यांना विष आहे. टबाभोवती ओलं पोतं ठेवायचं. रोज एकदा प्रत्येक गोटा हलक्या हातानं उलटा करायचा, कारण इथे लाट नाही. आणि पाणी ह्या निळ्या रेघेच्या खाली जाऊ द्यायचं नाही. एवढं सांगितलं आणि दोन दिवसांनी मालवणहून तार आली, आई अत्यवस्थ. सर स्टेशनवर जाताना म्हणाले, "कमिटीच्या आदल्या दिवशी मी येतोच. तोवर ह्यांची आई तू."

चैत्र लागला होता. ऊन कसं ते वर्धेकरांना सांगायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेखाली दोन बोटं. मी माझ्या कायद्यानं वागलो. जे कमी झालं तेच टाकायचं. समुद्राचं पाणी उडालं, समुद्राचं पाणी टाकलं. बुधल्यातून मापून, एक थेंब न सांडता. रोज टाकायचो, रोज गोटे उलटे करायचो, पोतं भिजवायचो. आणि रोज पाहायचो तर काहीतरी बिघडत होतं.

आधी तुरेवाला किडा बाहेर यायचा बंद झाला. मला वाटलं, उन्हानं. पोतं दुप्पट केलं. मग पाच हातांच्या जनावराचा एक हात टबाच्या तळाशी तुटून पडलेला दिसला. मग खेकडा उताणा. काडीनं हलवला तर पाय हलले, पण उठला नाही. खिडकीजवळच्या दोन गोट्यांचा गुलाबी रंग कडेनं विटायला लागला. मी टब खिडकीपासून सरकवला. पंख्यानं वारा घातला. शेवटी शेवटी तर मी गोट्यांशी बोलायला लागलो. जेवण उतरत नव्हतं. डोळे मिटले की जिनचा पट्टा फिरताना दिसायचा. शनिवारी बुधले संपले, तळाला तोंडभर पाणी उरलं. कमिटी बुधवारी होती.

रविवारी जिन बंद असायचं. मी कॉलेजातच बसून होतो म्हणून सुभद्रा भाकर घेऊन आली. तिनं टब पाहिला, मला पाहिलं.

"काऊन जी, कोनी मेलं का?"

"मरून राह्यलं," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

ती टबाजवळ वाकली. काठावर पांढरा थर जमला होता, मी तो रोज पुसत होतो. तिनं बोटानं खरवडला आणि जिभेला लावला. मी ओरडलो. तिनं लक्ष दिलं नाही. टबातलं पाणी चाखलं, तोंड वाकडं करून थुंकली. मग बुधल्याच्या तळचं पाणी चाखलं.

"ह्याच्यात काय टाकलं तुमी?"

"तेच टाकलं. त्याच बुधल्यातलं."

"रोज?"

"रोज. पानी उडते ना."

"बाप्पा!" ती म्हणाली. "वरण आटलं तं कोनी मीठ टाकते काय? पानी टाकते. मीठ कुठं उडून जाते? ते गंजातच, भांड्यातच राह्यते. तुमी रोज खारट पानी टाकून राह्यले, गोडं उडून राह्यलं. हे बिचारे आता लोनच्यात बसले हायेत."

मी खाली बसलो. स्पिरिटच्या बरणीत स्पिरिट उडतं, म्हणून स्पिरिट टाकायचं. समुद्रातून नुसतं पाणी उडतं. एवढी साधी गोष्ट रोज चूल पेटवणाऱ्या बाईला कळली आणि दोन वर्षं बरण्या भरणाऱ्या मला कळली नाही. मी उठलो आणि गोड्या पाण्याचं काचेचं भांडं उचललं.

"थांबा ना! एकदम टाकता का? खारटात इतके दिस राह्यले, एकदम गोडं लागलं तं मरतीन. हळूहळू. महादेवाच्या पिंडीवर गळती नाई का बांधत, तसं थेंबाथेंबानं." आणि ती लगेच म्हणाली, "देवळातली तांब्याची गळती मांगून आनू का?"

"तांबं नाई. सरानं सांगतलं, तांबं विष हाये."

"मंग मडकं."

तिनं नवं मडकं आणलं, बुडाला बारीक भोक पाडलं. पदराच्या टोकाला जिनमधली रुई अडकलेली होतीच, तिची वात वळून भोकात घातली. मडक्यात विहिरीचं पाणी नको, प्रयोगशाळेतलं डिस्टिल पाणी घालू, हे मात्र माझं डोकं. तेवढं तरी माझं लिहून ठेवतो. मडकं छताच्या कडीला टांगलं आणि टबात एक एक थेंब पडायला लागला. निळ्या रेघेच्या वर पाणी गेलं की मी खालून काचेच्या वाटीनं खारट पाणी काढायचो. ती चाखून सांगायची, "अजून हाये."

सोमवारी ती जिनला गेली. मी चाखून पाहिलं, पण माझी जीभ बिडीनं मेलेली. मला दोन्ही पाणी सारखीच लागली. कुठे थांबवायचं ते कळेना. जास्त गोडं झालं तरी मरणार. दुपारच्या सुट्टीत ती जिनमधून पळत आली, केसांत रुई तशीच. बुधल्याच्या तळचं एक बोट चाखलं, चूळ भरली, टबावर वाकून ओंजळीत पाणी घेतलं आणि तोंडाला लावलं. नेमके तेव्हाच बडे बाबू दारात.

बडे बाबू म्हणजे कॉलेजचे हेडक्लार्क. मला कायम करायचा कागद त्यांच्या टेबलावरून जाणार होता. त्यांनी काय पाहिलं असेल ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. टबात दगड, वर टांगलेलं मडकं, थेंब थेंब गळती आणि एक बाई वाकून तीर्थ घेत आहे.

"हे काय चाललं?" ते ओरडले. "प्रयोगशाळेत महादेव मांडला काय? परवा कमिटी आहे, अन् इथं अभिषेक करून राह्यले! अन् ही बाई कोन?"

"माझी घरवाली, बाबूजी. हे पूजा नाई, हे पानी..."

"मले शिकवू नको. सरांनी गोटे दिले सांभाळाले, यानं देऊळ काढलं. हे आत्ताच्या आत्ता उतरव. तुझ्या कागदावर काय लिहायचं ते मी पाहतो." आणि निघून गेले.

मी स्टुलावर चढलो आणि मडकं सोडायला लागलो.

"काय करता?" सुभद्रा म्हणाली.

"उतरवतो. ऐकलं नाई का तू? कागद त्यांच्या हातात हाये."

"अजून खारटच हाये. सांजवरी लागन." ती खोकत होती, बोलताना थांबत होती. "त्यानं लिहू दे काय लिहाचं ते. हे मेले तं तो कागद कायले लागते?"

मी मडकं हातात धरून उभाच. तिनं ते माझ्या हातातून घेतलं, मला खाली उतरवलं, स्वतः स्टुलावर चढली आणि परत टांगलं. वात नीट केली. जिनचा भोंगा झाला तशी पळाली. दारातून म्हणाली, "सांजी येते. तवरोक हात नोका लावजा."

ती दुपार मी कशी काढली ते लिहिता येत नाही. पायऱ्यांवर कोणाचंही पाऊल वाजलं की मी उठून मडक्याकडे जायचो आणि परत बसायचो. पाच वाजता ती आली, चाखलं, परत चाखलं. म्हणाली, "झालं. सारखं झालं." मडकं उतरवलं. आम्ही दोघं टबाजवळ बसलो. ती भिंग उलटं धरून पाहत होती, मी सुलटं करून दिलं. बराच वेळ काही नाही. मग तीच म्हणाली, "हे काय जी, कोंबड्याचा तुरा?"

किडा बाहेर आला होता.

मंगळवारी सर आले. डोक्याचे केस काढलेले होते. आई गेली, हे त्यावरूनच कळलं. सरळ टबाकडे गेले. दोन गोटे पांढरे पडले होते, बाकी सगळे गुलाबी. कोपऱ्यात ठेवलेलं मडकं त्यांनी पाहिलं, बुडाचं भोक पाहिलं, काठावरचा मिठाचा थर पाहिला. माझ्या पाठीवर हात ठेवला.

बुधवारी कमिटी आली. तिघांत एक म्हातारे होते, तेच मुख्य. म्हणाले, "हा तर दगड आहे." सरांनी गोटा काचेच्या ताटलीत ठेवला. सगळे वाकले. काही हललं नाही. म्हाताऱ्यांनी घड्याळ पाहिलं. सरांच्या कपाळावर घाम. बडे बाबू दारात उभे. मी मनात तिचंच नाव घेत होतो, देवाचं नाही. आणि एका खोबणीतून दोऱ्यासारखा हात बाहेर आला. मग दुसरा. चारच होते, पाचवा तुटलेला. चार हातांवर ते जनावर गोट्यावरून चालत गेलं. म्हातारे किती वेळ वाकून होते, त्यांचा चष्मा पाण्यात पडता पडता राहिला.

"समुद्रापासून इतक्या दूर, ह्या उन्हात हे जगवलं कोणी?"

"हा आमचा गणपत," सर म्हणाले. "मी इथे नव्हतो. ह्यानं सगळं केलं, मडक्यातून थेंबाथेंबानं गोडं पाणी दिलं."

म्हातारे माझ्याकडे वळले. "पाणी खारट होतंय, गोडं टाकायला हवं, हे कसं सुचलं?"

बडे बाबू पाहत होते. बाहेरची बाई प्रयोगशाळेत आली, तिनं टबात हात घातला, हे त्यांच्यासमोर कसं सांगू? हे एक कारण. दुसरं कारण असं की त्या तीन मोठ्या माणसांनी माझ्याकडे तसं पाहिलेलं मला आवडलं.

"विचार केला, साहेब," मी म्हटलं.

त्या वेळी ती जिनमध्ये होती.

वर्ग मिळाला. आषाढात माझा कागद आला, बडे बाबूंनीच हातात दिला. सुभद्रानं त्याच दिवशी जिन सोडलं. खोकला मात्र तिच्याबरोबर घरी आला आणि शेवटपर्यंत राहिला.

पांढरे पडलेले दोन गोटे सरांनी मला दिले. ते मी मारले होते, सरांना माहीत होतं. तिनं ते खिडकीत ठेवले आणि रोज झाडताना उलटे करायची. मी म्हणायचो, मेलेले आहेत. ती म्हणायची, "असू द्या. सवय हाये त्याहिले."

मी रिटायर झालो तेव्हा समारंभ झाला. प्राचार्यांनी भाषणात तीच गोष्ट सांगितली, गणपतरावांची बुद्धी, गणपतरावांचा विचार. टाळ्या पडल्या. सुभद्रा बायकांच्या रांगेत बसली होती, तीही वाजवत होती. गळ्यात हार घालून मी घरी निघालो. रस्त्यात ती एकदाच बोलली.

"काऊन जी, घरी वरण तुमीच शिजवत होते का?"

मी हसलो. तीही हसली, मग खोकत राहिली. त्या रस्त्यावर उभं राहून मला सांगता आलं असतं की चुकलं. नाही सांगितलं. त्यानंतर आमच्या घरी वरण घट्ट झालं की ती चुलीपासून हाक मारायची, "या बाप्पा मोठे साहेब, विचार करून सांगा, आता काय टाकू?" नातवंडं हसायची. त्यांना वाटायचं, आजी गंमत करते.

माघात ती गेली. सात महिने झाले. रेगे सर नाहीत, बडे बाबू नाहीत, ते म्हातारे साहेब तर केव्हाच गेले. खरं काय ते माहीत असलेला आता मी एकटाच आहे, आणि माझाही भरवसा नाही. म्हणून लिहिलं.

संपादक साहेब, तुम्ही दिलेला मथळा मी खोडला आहे. माणूस नव्हता, बाई होती. सुभद्रा तिचं नाव. जिनमध्ये कामाला होती. समुद्र तिनं कधी पाहिला नाही, दोन बोटं चाखला फक्त. लेखावर माझा फोटो छापू नका.